शब्दचर्चा: दिसणाऱ्या आवाजाला कोणते शब्द वापरावेत?

सुरसागरकाठ

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात दांडिया बाजारात घरीच गाणं शिकवते. मुलं बहुतेक मराठी घरांतली, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाच्या. यंदा मोठ्या मुलांना तंबोऱ्याचा आणि त्यांच्या स्वतःच्या आवाजाचा आलेख संगणकावर दाखवायला लागले आहे. ऑडॅसिटी आणि सॉनिक व्हिज्युअलायझर हे दोन प्रोग्राम वापरते, दोन्ही फुकट मिळतात. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर जाताना सूर चढतो आणि जिथे जोर जास्त तिथे चित्र उजळतं. इंग्रजीत ह्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात.

मुलांसाठी मराठीत दोन पानांचं टिपण करायचं आहे आणि शब्दांपाशीच अडले आहे. स्पेक्ट्रोग्रामला काय म्हणू? फ्रीक्वेन्सीला वारंवारता, कंपनसंख्या की आंदोलनसंख्या? ओव्हरटोनला, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या नादांना, संनादी, उपस्वर की स्वयंभू स्वर? परिभाषा कोश चाळून झाले. शब्द सापडतात, पण ते तोंडात बसत नाहीत. तंबोरा लावताना मुलांच्या तोंडून सहज यावेत असे शब्द मला हवे आहेत.

जुना रावपुरा

ताई, आधी आंदोलनाचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे.

गाण्याच्या परीक्षांच्या पुस्तकांत आपण सगळे 'आंदोलनसंख्या' शिकलो. छत्तीस इंच तार, मध्य षड्ज २४० आंदोलनं, पंचम ३६०, आणि भातखंडे पद्धतीतला शुद्ध गंधार ३०१ पूर्णांक १७/४३. शब्द चांगला आहे. पण त्याच तासाला आपण दरबारी रागातला गंधार 'आंदोलित' असतो असंही सांगतो. पहिलं आंदोलन सेकंदाला शेकड्यांनी होतं. दुसरं सावकाश, बोटावर मोजता येईल असं. पहिलं कोणाला दिसतच नव्हतं म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता पडद्यावर दोन्ही एकाच वेळी दिसतात. रेघ किती उंचीवर आहे ती कंपनसंख्या, आणि ती रेघ त्या उंचीवर झुलते ते आंदोलन. म्हणून मोजायच्या आकड्याला कंपनसंख्या म्हणा आणि आंदोलन हा शब्द दरबारीसाठी राखून ठेवा. 'वारंवारता' विज्ञानाच्या पुस्तकात ठीक आहे, पण रोजच्या मराठीत वारंवार म्हटलं की 'वारंवार सांगूनही ऐकत नाही' हेच आठवतं. सूर उंच आहे हे त्या शब्दातून मुलाला जाणवत नाही.

दुसरं म्हणजे चित्राचं नाव. प्रकाशाच्या स्पेक्ट्रमला आपण वर्णपट म्हणतो, त्यावरून 'ध्वनिवर्णपट' करायचा मोह होईल. मला तो शब्द पटत नाही. प्रकाशाच्या वर्णपटात तांबडा रंग खरोखर एका ठरावीक तरंगलांबीचा असतो. तुमच्या पडद्यावरचा तांबडा प्रोग्रामने भरलेला आहे, एक कळ दाबलीत की निळा होईल. तिथे रंग जोर दाखवतो, सूर दाखवत नाही. 'वर्ण' शब्द ऐकून मुलगा तांबडं म्हणजे खालचा सूर असं धरून बसेल आणि ती समजूत काढायला महिना जाईल. 'नादपट' म्हणा. पट म्हणजे पसरलेलं वस्त्र, आणि नाद हा तर आपल्या घरातला शब्द.

भाषाशाळा

काका, 'नादपट' सुंदर आहे, पण 'वर्ण'ला इतक्या झटपट बाहेर काढू नका. वर्ण म्हणजे नुसता रंग नव्हे. वर्णमाला, वर्णविचार, वर्णोच्चार: व्याकरणात वर्ण म्हणजे तोंडातून निघणारा मूळ ध्वनी. मी भाषाविज्ञान शिकते. आमच्याकडे ह्या चित्रांचं काम प्रात नावाच्या प्रोग्रामवर चालतं, अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक ह्या दोघांनी केलेला. गाण्यासाठी नादपट म्हणा. बोलण्याच्या चित्राला मात्र मी वर्णपटच म्हणेन, कारण त्यात खरोखरच वर्ण दिसतात.

एक उदाहरण देते, ताईंच्या मुलांनाही ते उपयोगी पडेल. 'चार आंबे' आणि 'गाईला चारा चार' हे दोन्ही 'चार' म्हणून पाहा. लिहिण्यात फरक नाही, कानाला आहे. आकड्यातला च तालव्य, चारण्यातला दंततालव्य. तसंच जग म्हणजे दुनिया आणि 'सुखाने जग' मधला जग. पडद्यावर दोन्ही च आधी एका उभ्या रेघेने सुरू होतात, जीभ सुटते तो क्षण. मग घर्षणाचा ढग येतो. चारण्यातल्या च चा ढग वरच्या बाजूला सरकलेला, स च्या जवळचा. आकड्यातल्या च चा ढग खालपासून भरलेला, श सारखा. बडोद्यात वाढलेल्या आपल्या पुष्कळ मुलांचे हे दोन ढग एकाच जागी पडतात, कारण गुजरातीत एकच च आहे. 'चाक', 'चांदी', 'जरा' सगळं एकाच च-ज ने. हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही, ती म्हणतात आम्ही तसंच तर म्हणतो. आजीचा 'चाक' आणि स्वतःचा 'चाक' एकाखाली एक ठेवून दाखवले की फरक त्यांनाच दिसतो, आणि त्यानंतर तो ऐकूही येऊ लागतो.

सुरसागरकाठ

हे मी नक्की करणार. नाट्यपद गाताना हा च फार खटकतो.

शाईवाला

तबल्यातून सांगतो. ताई, कोशात शिरण्याआधी आपल्या कलाकारांच्या तोंडचे शब्द गोळा करा. ते शब्द हवेतले नाहीत. प्रत्येक शब्दाला पडद्यावर जागा आहे, मी लावून पाहिलं आहे.

'आस' घ्या. चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेच्या पट्टीवर, 'ना' मारला की ठोक्याची उभी रेघ उमटते आणि तिच्यातून उजवीकडे काही आडव्या रेघा निघतात. त्या रेघांची लांबी म्हणजे आस. शाई, म्हणजे मधला काळा थर, उखडलेल्या तबल्याच्या रेघा आखूड असतात, वाकड्याही. 'आस नाही राहिली' म्हणून आमचे गुरुजी तबला परत करायचे, ते हेच. 'घुमारा' वेगळा. तो डग्ग्याचा, चित्राच्या अगदी तळाशी, जाड आणि सावकाश विरणारा. मनगट दाबून डग्ग्याचा सूर चढवला की तळातली रेघ कमानीसारखी वर वळते. आमच्यात तिला मींडच म्हणतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आणि गळ्याची मींड पाहिलीत तर तीही तशीच वळते. एकच शब्द दोन वाद्यांना का लागला ते चित्रात कळतं.

आणखी एक. साध्या ढोलाच्या कातड्याचे वरचे नाद मूळ नादाच्या पटीत बसत नाहीत, म्हणून त्याला नेमका सूर नसतो. तबल्याच्या शाईमुळे ते बसतात. ह्याचा शोध चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घेतला, १९२० साली. 'ना' वाजवताना आपण अनामिका शाईच्या कडेला टेकवून ठेवतो ना? त्या बोटाने सगळ्यात खालचा नाद दबतो आणि दुपटीचा वर येतो. पडद्यावर तळाची रेघ फिकी आणि तिच्या वरची ठळक दिसते. बोट उचलून उघडा 'तूं' मारा, तळाची रेघ लगेच हजर. मुलांना हे दोन बोल शेजारी शेजारी दाखवा.

मांजलपूर साऊंड

आम्ही नवरात्रात गरब्याचे मोठे सेट लावतो, आमचे शब्द तुमच्यासारखे शास्त्रीय नाहीत पण कामाचे आहेत. 'माईक शिट्टी मारतोय' म्हणजे पडद्यावर एकच बारीक, लांबलचक, चढत्या जोराची रेघ. ती जिथे दिसते तेवढाच आकडा खाली ओढायचा, शिट्टी बंद. 'आवाज घुमतोय' म्हटलं की आम्ही सेकंदाला दीडशे ते तीनशे कंपनांच्या दरम्यान बघतो. 'बोचतोय' असेल तर अडीच ते चार हजार, कान तिथे सगळ्यात तिखट असतो. 'स फुटतोय' पाच ते आठ हजार. 'प फुटतोय' म्हणजे तोंडाचा वारा माईकवर आदळला, तो अगदी तळाशी, शंभराच्या आसपास. गायिका म्हणते बोचतोय, आणि माझा हात आपोआप त्या जागी जातो. काका, तुमच्या कंपनसंख्येपेक्षा आमचं 'बोचतोय' लवकर पोचतं.

जुना रावपुरा

अगदी खरं आहे, आणि मला हेच म्हणायचं होतं. कानाने आधीच विभागण्या करून ठेवल्या आहेत, पडद्याने त्या फक्त उघड केल्या. आपल्या अनुकरणवाचक शब्दांकडेच बघा. खणखण, टणटण, घणघण ह्या सगळ्यांच्या शेवटी ण आहे, लांबणारा. धातूचा आवाज पडद्यावर तसाच दिसतो, बारीक सरळ रेघा, बराच वेळ टिकणाऱ्या. ठक, टक, खट हे ठोक्याचे शब्द, शेवटी आवाज तोडणारा वर्ण, आणि चित्रात एक उभी रेघ, पुढे काही नाही. सळसळ, सूं, फस्स यांना रेघच नाही, नुसता धुरळा. टिपणाच्या पहिल्या पानावर हे तीनच प्रकार घाला: रेघ, ठोका, धुरळा. मुलाला गणित लागणार नाही. घरातली कळशी, दार आणि वाळलेली पानं घेऊन ते स्वतः तिन्ही चित्रं काढेल.

सुरसागरकाठ

रेघ, ठोका, धुरळा. हे घेतलेच.

आता ओव्हरटोनचं सांगा. मी काल काळी एकला, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला तंबोरा नोंदवला. खर्जाची तार ६९ च्या जरा वर, जोडीच्या दोन १३८ आणि १३९ च्या मधोमध, मंद्र पंचम १०४ ला थोडा कमी. तार एक, पण तिच्यावर रेघांची शिडीच उभी राहते. खर्जाच्या पाचव्या रेघेवर बोट ठेवलं तर आकडा ३४६ आणि अर्धा. म्हणजे तार सप्तकाचा गंधार! तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. मुलांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा वर्गात एकदम शांत झालं. मग जवारीचं सूत, तारेखाली घोडीवर सारलेला दोरा, काढून पुन्हा छेडलं. वरच्या रेघा जवळजवळ गायब. सूत परत सारलं तर वरच्या रेघा नुसत्या परतल्या नाहीत, त्या तार छेडल्यावर जरा उशिरा फुलतात आणि त्यांची चमक हळूहळू वरून खाली उतरत येते. ही उतरण म्हणजेच जवारी, असं म्हणायला हरकत आहे का?

जुना रावपुरा

काहीच हरकत नाही. जवारी म्हणजे घोडीवरची ती किंचित बाकदार पट्टी आणि जवारी म्हणजे तिच्यातून निघणारा झणत्कार, दोन्ही अर्थ पूर्वीपासून चालत आले आहेत. तार त्या बाकावर पुन्हा पुन्हा टेकते, सुटते आणि त्यातून वरचे नाद सतत जागे होत राहतात. तंबोऱ्याच्या रेघांना 'स्वयंभू स्वर' म्हणा. कोणी न छेडता आपोआप उमटणारे, शब्दात सगळं आलं. माणसाच्या गळ्याला मात्र मी 'उपस्वर' म्हणेन. तिथे गाणारा जबड्याने, जिभेने ते घडवत असतो, स्वयंभू म्हणणं तितकं बरोबर होणार नाही.

भाषाशाळा

गळ्याबद्दल थोडं. एकाच सुरावर आधी आकार लावा, सूर न सोडता ईकारात जा. शिडीच्या पायऱ्या हलत नाहीत, सूर तोच आहे. पण शिडीच्या कोणत्या पायऱ्या उजळायच्या ते बदलतं. पुरुषाच्या आवाजात 'आ' चे दोन उजळ पट्टे साधारण ७०० आणि ११०० च्या जवळ असतात. 'ई' मध्ये खालचा ३०० च्या आसपास घसरतो आणि दुसरा २२०० च्या पुढेमागे चढतो. इंग्रजीत त्यांना फॉर्मंट म्हणतात. 'उजळ पट्टा' म्हटलं तरी पुरे, फक्त 'पट्टी' म्हणू नका. गाण्यात पट्टी म्हणजे काळी एक, पांढरी चार. 'आवाज दाबू नकोस, मोकळा आकार लाव' असं ताई म्हणतात तेव्हा त्या पट्ट्यांबद्दलच बोलत असतात.

शाईवाला

आणि 'कणसूर'? तो दिसतो का? माझा भाचा प्रत्येक सूर पडद्यावर तपासतो आणि सांगतो, मामा, दोन आकडे चढा आहे.

जुना रावपुरा

इथे जपून. हा वाद बडोद्याला नवा नाही. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथेच भरली, सयाजीरावांचा आश्रय आणि भातखंड्यांचा पुढाकार. सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरांची, म्हणजे श्रुतींची, नेमकी मोजणी आणि त्याबरहुकूम केलेली हार्मोनियम ह्यावर तिथे मतभेद झाले. श्रुतींचे अभ्यासक देवल आणि क्लेमेंट्स मोजमापाच्या बाजूचे. गाणाऱ्यांचं म्हणणं, राग बदलला की स्वराची जागा बदलते. श्रुती म्हणजे जी ऐकता येते ती. आज पडदा हाती आला म्हणून तो प्रश्न निकालात निघाला असं नाही.

एक तर पडदा काय दाखवतो ते तुम्ही त्याला किती लांबीचा तुकडा दिलात त्यावर ठरतं. इंग्रजीत त्याला विंडो म्हणतात, 'खिडकी' हे भाषांतर सगळीकडे दिसतं, मला 'काप' जास्त बरं वाटतं. आवाजाचे लांबीने सारखे काप पाडायचे आणि एकेका कापात कोणते नाद आहेत ते शोधायचं. ह्यामागचं गणित फूरियेचं, १८२२ सालचं. नेहमीच्या नोंदणीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. २०४८ नमुन्यांचा काप घेतला तर तो सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही लहान, तान छान सुटी दिसते, पण सुराची रेघ साडेएकवीस कंपनांइतकी जाड होते. ताईंच्या तंबोऱ्याचा गंधार ३४६.५ आणि काळी एकच्या हार्मोनियमचा ३४९.२. जाड रेघेत दोघे एकच दिसणार. त्यांना वेगळं काढायला ३२,७६८ चा काप घ्या, पाऊण सेकंदाचा. मग दोन रेघा सुटतात, पण त्या पाऊण सेकंदात गाणारा कुठे कुठे फिरून आला ते सगळं एकात मिसळतं. लांब काप घ्याल तर सूर नेमका आणि वेळ धूसर, आखूड घ्याल तर उलट. दोन्ही एकदम नेमके मिळत नाहीत, कितीही महाग प्रोग्राम आणा.

आणि कान हे कापाशिवाय पकडतो. हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्याबरोबर दाबून धरा, सेकंदाला पावणेतीन झोके घेत आवाज डोलतो. ती डोल ऐकूनच आपले लोक तंबोरा मिळवतात. म्हणून भाच्याला सांगा, ठहराव असलेल्या सुरावर आकडा बघ, चालत्या सुरावर बघू नकोस. 'कणसूर' हा शब्द कान ज्याला कणभर चुकलं म्हणतो त्यालाच लावायचा. आंदोलित गंधाराला आकड्यावरून कणसूर ठरवलं तर दरबारीच कणसूर ठरेल.

मांजलपूर साऊंड

काका, जुन्या तबकड्यांचं विचारायचं होतं. फैयाज खाँसाहेबांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली तर वरचा अर्धा पडदा काळा. आवाज कापला गेलाय का?

जुना रावपुरा

तो त्या काळच्या यंत्राचा आवाका आहे. १९२५ पासून विजेवरचं मुद्रण आलं तेव्हाही साधारण पाच हजारांच्या वर फारसं काही टिपलं जात नसे, त्याआधीच्या कर्ण्यात गायलेल्या मुद्रणात तर त्याहून कमी. वर काही दिसलंच तर तो तबकडीचा खरखराट, म्हणजे धुरळा. खाँसाहेबांच्या आवाजातला भरदारपणा खालच्या पट्ट्यांत आहे, तो पुरेपूर उतरला आहे. काळ्या भागावरून आवाज 'पातळ' ठरवू नका.

ओघात सांगतो. आवाज टिपण्याचं पहिलं यंत्र ऐकण्यासाठी नव्हतंच, पाहण्यासाठी होतं. पॅरिसच्या स्कॉट द मार्तिनव्हील यांनी १८५७ साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली. परत वाजवायची सोयच नव्हती. त्यांचा १८६० सालचा एक कागद संगणकाच्या मदतीने थेट २००८ साली ऐकता आला. 'ध्वनिलेख' शब्द वापरायचाच असेल तर अशा नुसत्या तरंगाच्या रेघेला वापरा, वेव्हफॉर्मला. नादपट वेगळा, ध्वनिलेख वेगळा.

भाषाशाळा

वेव्हफॉर्मला ध्वनिलेख, मान्य. 'ध्वनिपट' कोणी सुचवू नये एवढंच, बोलपटाशी घोळ होतो.

सुरसागरकाठ

टिपणात नादपट, ध्वनिलेख, कंपनसंख्या, स्वयंभू स्वर, उपस्वर, काप, आस, घुमारा, आणि रेघ-ठोका-धुरळा घालते. नादपटाच्या शेजारी स्पेक्ट्रोग्राम हा शब्दही देवनागरीत ठेवीन. मुलं पुढे प्रोग्राममध्ये तोच शोधणार आहेत.

एक शेवटचं. कालच्या नोंदीत अगदी तळाशी दोन-तीन सरळसोट रेघा आहेत. तंबोरा थांबवला तरी त्या थांबत नाहीत.

मांजलपूर साऊंड

ताई, कोणत्या आकड्यावर? ५०, १००, १५० असेल तर ती घरातली वीज आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, तिच्या पटीत रेघा येतात. आम्ही तिला 'हम' म्हणतो. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर नोंदवा, बहुतेक जाईल. पंखाही बंद ठेवा, त्याचा धुरळा वेगळा येतो. आणि काळी एकला विशेष जपा, कारण तुमचा मंद्र पंचम १०४ ला आणि विजेची रेघ १०० ला. आखूड काप घेतलात तर दोन्ही एकाच रेघेत जातील आणि मुलं वीज बघून पंचम लावतील.

शाईवाला

त्या 'हम'ला मराठीत 'घूं' म्हणा. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की तेच ऐकू येतं.